उपकेंद्राची किल्ली कोणाकडे?

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा हे गाव आहे. कपाशी, सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि आजूबाजूच्या खेड्यांसाठी उपकेंद्रं. सरकारी निकष असा, की सपाट प्रदेशात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र असावं. आदिवासी व डोंगराळ भागात हेच आकडे वीस हजार आणि तीन हजार. कागदावरची यंत्रणा मुंबईतल्या मंत्रालयातून निघते, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे येते, तिथून तालुक्याला आणि मग वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत पोचते. खेड्यातल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते ती सिस्टर. दाखल्यावर तिचं पद ‘आरोग्य सेविका’ असतं, जुनी माणसं तिला ‘नर्सबाई’ म्हणतात, नव्या सुना ‘मॅडम’. उपकेंद्राची किल्ली तिच्याकडे असते.

गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत जे जे बदल झाले, ते गावापर्यंत नेले ते बहुतेक वेळा या बाईने. वरून योजना आली, की ती गावाच्या पचनी कशी पडेल हे तिने ठरवलं. कोणत्या घरात सासूशी आधी बोलायचं, कोणत्या वस्तीवर दुपारी गेलं तर कुणी भेटत नाही, कुणाच्या पोराला मागच्या डोसानंतर ताप आला होता म्हणून यावेळी आई दार उघडणार नाही, हे ज्ञान कोणत्याही परिपत्रकात नसतं. या ज्ञानावर बदल चालतो. आणि हे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांना निर्णयाच्या टेबलावर आपण कधी बसवलं नाही, हे या प्रकरणाचं मुख्य म्हणणं आहे.

परिचर्येचा इतिहास सांगताना आपण नेहमी हातात दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं चित्र डोळ्यांपुढे आणतो. ते चित्र खरं असलं तरी अपुरं आहे. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर या बाईने आपलं उरलेलं आयुष्य मुख्यतः आकडे गोळा करण्यात आणि ते सत्ताधाऱ्यांच्या गळी उतरवण्यात घालवलं. सैनिक गोळीने कमी आणि घाणीने जास्त मरतात, हे तिने रंगीत आकृत्या काढून दाखवलं. लंडनच्या सांख्यिकी संस्थेने सभासद करून घेतलेली ती पहिली स्त्री. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही, पण इथल्या गोऱ्या सैन्यात वर्षाला दर हजारी ६९ माणसं मरतात, हा आकडा १८६३च्या शाही आयोगाच्या अहवालातून पुढे आला त्यामागे तिचे कष्ट होते. पुढे तिचं लक्ष सैन्यावरून रयतेकडे वळलं. पाणी, गटारं, दुष्काळ, शेतसारा या विषयांवर तिने पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. म्हणजे आधुनिक परिचर्येचा पाया घालणारी बाई रुग्णाच्या उशाशी जेवढी होती, तेवढीच धोरण आखणाऱ्यांच्या मानगुटीवर होती. हा वारसा आपल्या नर्सिंगच्या पुस्तकांत आला, पण नोकरीच्या नियमांत उतरला नाही.

मुंबईत १८९१ साली बाई काशीबाई गणपत यांनी परिचर्येचं शिक्षण घेतलं. रीतसर शिक्षण घेतलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्या काळात परक्याच्या अंगाला हात लावणं, मलमूत्र काढणं, रक्त पुसणं ही कामं जातीच्या उतरंडीत अगदी तळाशी ढकललेली होती. ज्या समाजात बाळंतिणीचा विटाळ दहा दिवस पाळत आणि नाळ कापणारीला घराच्या उंबऱ्याबाहेर उभं करत, त्या समाजात एका बाईने हे काम शिकून, शिस्तीने आणि पगार घेऊन करणं ही साधी गोष्ट नव्हती. सहाच वर्षांनी, १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रुग्णसेवेला उभ्या राहिल्या. प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्याकडे नर्सिंगची पदवी नव्हती. तरीही महाराष्ट्रात रुग्णसेवेला जातिभेदाविरुद्धच्या लढ्याशी जोडण्याचं श्रेय मी त्यांना पहिलं देईन.

मग पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या अध्यक्षतेखाली सेवासदन उभं राहिलं. सेवासदनाने विधवा आणि परित्यक्ता बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा घराघरांत कुजबुज झाली असेल, याची कल्पना करायला फार पुस्तकं चाळावी लागत नाहीत. केशवपन केलेल्या बाईला कोनाड्यात बसवणारं घर आणि त्याच बाईच्या हाती थर्मामीटर देणारं सेवासदन एकाच शहरात होतं. परिचर्येने महाराष्ट्रात बदल घडवला तो इथून, रुग्णाच्या आधी स्वतः परिचारिकेच्या आयुष्यात.

कायद्याची कहाणी थोडक्यात उरकतो. मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला, देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७च्या डिसेंबरात, महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा १९६६ साली. २०२३ साली संसदेने जुना कायदा बाजूला सारून राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला. नोंदणी, अभ्यासक्रम, परीक्षा यांची शिस्त या कायद्यांनी लावली. कामाच्या जागी निर्णयाचा अधिकार कुणाला, हा प्रश्न मात्र कायद्याने फारसा सोडवला नाही. तो सुटत गेला गरजेपोटी, खेड्यांत.

आरोग्य सेविकेचं आजचं रूप १९७३च्या कर्तारसिंग समितीच्या अहवालातून आलं. तोवर मलेरियाचा माणूस वेगळा, देवीची लस टोचणारा वेगळा, कुटुंबनियोजनवाला वेगळा आणि बाळंतपण करणारी नर्स वेगळी. एकाच घराच्या दारात चार खात्यांची चार माणसं चार वेळा यायची. समितीने सांगितलं, हे सगळं काम एक बहुउद्देशीय कार्यकर्ता आणि एक कार्यकर्ती मिळून करू दे. त्या कार्यकर्तीच्या पदरात त्या दिवसापासून जे पडायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही.

त्याच सुमारास नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प वेगळीच वाट शोधत होता. शिकलेल्या नर्सेस खेड्यात एकट्या राहायला तयार होत नव्हत्या, आणि राहिल्या तरी गाव त्यांना आपलं मानत नव्हतं. आरोळे दांपत्याने गावच्याच बायका निवडल्या, त्यांतल्या कितीतरी निरक्षर आणि दलित, आणि त्यांना आरोग्याचं काम शिकवलं. नर्स तिथे गावात जाणाऱ्या पथकाचा भाग झाली आणि या बायकांची शिक्षिका झाली. या बदलाचं मोल मला फार मोठं वाटतं. जे येतं ते आपल्यापाशी धरून ठेवणं हा कोणत्याही व्यवसायाचा स्वभाव असतो. जामखेडच्या नर्सनी आपलं ज्ञान वाटून टाकलं आणि त्यामुळे त्यांचं वजन कमी झालं नाही. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’ कार्यकर्ती नेमायचं ठरलं, तेव्हा जामखेडचा हा अनुभव देशापुढे होताच.

आता जरा जवळून पाहू. लसीकरणाचं सत्र अंगणवाडीत भरतं. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआर नावाच्या लशीच्या फ्रीजमधून लस निघते. तिथे तापमान २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवलेलं असतं आणि दिवसातून दोनदा नोंदलेलं असतं. लस ज्या निळ्या पेटीतून गावात जाते, तिच्या चारी बाजूंना बर्फाचे पॅक लावतात. फ्रीजरमधून काढलेला पॅक थेट लावला तर काही लशी गोठतात आणि निकामी होतात. म्हणून पॅक बाहेर ठेवायचा, त्यावरचं हिव जाऊ द्यायचं आणि मग कानाशी नेऊन हलवायचा. आतून पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो पेटीत ठेवण्याजोगा झाला. ही परीक्षा कोणतंही यंत्र करत नाही, सिस्टरचा कान करतो.

सत्राच्या जागी प्रत्येक कुपीवरचं चिन्ह बघायचं. वर्तुळाच्या आत एक चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस चालते. दोन्हींचा रंग सारखा झाला की ती कुपी बाद. गोवर-रुबेला किंवा बीसीजीची कुपी सोबतचं द्रावण मिसळून तयार केली, की तिच्यावर वेळ लिहायची आणि चार तासांनंतर उरलेली लस टाकून द्यायची, बाहेर एखादी आई धापा टाकत पोर घेऊन आली तरी. अशा वेळी सिस्टरला दोन गोष्टींत निवड करावी लागते. एका पोरासाठी नवी कुपी उघडावी, की आईला पुढच्या सत्राला बोलवावं? दूरच्या वस्तीवरून मजुरी बुडवून आलेली बाई पुन्हा येईलच याचा भरवसा नसतो. सरकारी धोरणही एका लाभार्थीसाठी कुपी उघडायला मना करत नाही. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब नंतर तिलाच द्यावा लागतो, तरी अनुभवी सिस्टर कुपी उघडते.

टोचून झाल्यावर तिने आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: आज काय दिलं, पुढची तारीख कोणती, काय त्रास होऊ शकतो, आणि कार्ड जपून ठेव. मग अर्धा तास थांबवायचं. या अर्ध्या तासातच खरा संवाद होतो.

“सिस्टर, मागच्या खेपेले लई फणफणली व्हती पोर. दोन रोज रडली. म्या तं तवाच ठरवलं व्हतं, आता नाई आनाव.”

“आणलंस ना पण, माय. ताप आला म्हणजे लस लागू झाली. या गोळीचा अर्धा तुकडा घोळून पाज, आणि उद्या मी घरी येते बघायला.”

दुसऱ्या दिवशी ती खरंच जाते. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला, त्यामागे अशा लाखो ‘उद्या येते’ची साखळी आहे. लस शास्त्रज्ञांनी शोधली, पैसा सरकारने दिला आणि दार सिस्टरने उघडून घेतलं.

बाळंतपणाची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तिथे चूक सुधारायला वेळ मिळत नाही. प्रसूतीनंतर बाई दगावण्याची मोठी कारणं जुनीच आहेत: अंगावर फार रक्त जाणं, रक्तदाब वाढून झटके येणं, जंतुसंसर्ग. रक्तस्राव सुरू झाला तर धडधाकट बाईसुद्धा दोनेक तासांत हाताबाहेर जाऊ शकते. खेड्यातून तालुक्याच्या दवाखान्यात पोचायलाच कधीकधी तेवढा वेळ लागतो. त्यामुळे पहिलं औषध कोण देणार, हा जीवनमरणाचा प्रश्न होता. अनेक वर्षं उत्तर होतं, डॉक्टर. डॉक्टर नसेल तर कुणीच नाही.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात केंद्र सरकारने कुशल प्रसूतिसेवेची मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि आरोग्य सेविकेला काही औषधं स्वतःच्या अधिकारात द्यायची मुभा मिळाली. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन, म्हणजे गर्भाशय आवळून येतं आणि वार लवकर पडते. झटके आलेल्या बाईला पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस. संसर्गाची लक्षणं दिसली तर अँटिबायोटिकचा पहिला डोस. यासाठी २१ दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. शिकायला काय काय होतं? कळांच्या दरम्यान ठरल्या वेळी नोंदी करून पार्टोग्राफ भरायचा, म्हणजे गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं याची रेघ कागदावर चढत जाते. ती रेघ धोक्याच्या रेषेकडे झुकली की गाडी बोलवायची, वाट बघत बसायचं नाही. बाळ रडलं नाही तर पहिल्याच मिनिटात श्वास द्यायला घ्यायचा.

एका कागदावरच्या रेघेने आणि एका इंजेक्शनच्या परवानगीने काय होतं? महाराष्ट्रात २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दवाखान्यात होणारी बाळंतपणं ६४.६ टक्के होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ९४.७ टक्क्यांवर गेली. राज्यात लाख जिवंत जन्मांमागे दगावणाऱ्या मातांचं प्रमाण २००४-०६ मध्ये १३० होतं, २०१८-२० मध्ये ते ३३ वर आलं. हे एकट्या नर्सेसचं श्रेय आहे असं म्हणणं खोटं ठरेल. रस्ते झाले, मोबाइल आले, जननी सुरक्षा योजना आली, २०१४च्या जानेवारीत १०८ ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, मुली जास्त शिकल्या, लग्नाचं वय वाढलं. पण रुग्णवाहिका बाईला दवाखान्यात आणते. दवाखान्यात रात्री दोन वाजता जागं कोण असतं, हे ज्याने एकदा बाळंतपणासाठी माणूस नेलंय त्याला सांगावं लागत नाही.

शहरातल्या रुग्णालयांतही नर्सेसनी असंच न मागता पुढारपण केलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा अंजली कुलथे प्रसूतिपूर्व कक्षात रात्रपाळीला होत्या. त्यांनी वीस गरोदर बायकांना कक्षाच्या टोकाच्या लहानशा खोलीत हलवलं, दिवे मालवले, आणि त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्यावर गोळीबाराच्या आवाजात भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहापर्यंत नेलं. पुढे त्यांनी हल्लेखोर कसाबला ओळखून न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव मांडला. केईएम रुग्णालयातल्या नर्सेसची गोष्ट याहून लांबची. १९७३ साली त्याच रुग्णालयात हल्ला झालेल्या अरुणा शानबाग या सहकारी परिचारिकेला त्यांनी २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं सांभाळलं. निवृत्त झालेल्यांनी नव्या मुलींवर ते काम सोपवलं. दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की अरुणाच्या बाजूने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. याच निकालातून देशात निष्क्रिय दयामरणाच्या कायद्याची वाट निघाली. रोज कूस बदलून देणाऱ्या हातांचा शब्द देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने निर्णायक मानला, ही घटना परिचर्येच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावी अशी आहे.

आता पुन्हा खामगावकडे वळू, कारण आजचा बदल तिथे नव्या रूपात उभा आहे. २०१८ साली आयुष्मान भारत योजनेतून उपकेंद्रांचं आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झालं. २०२३ च्या अखेरीस त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळालं. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले, बीएएमएस झालेले किंवा नर्सिंगची पदवी असलेले, वर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेले. काम बदललं. आई आणि बाळ एवढ्यापुरतं असलेलं उपकेंद्र आता तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी, शुगर तपासतं, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचपणी करतं, ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी गाठ घालून देतं.

हा बदल आवश्यकच होता. बीपी हा आजार दुखत नाही, म्हणून माणूस गोळी सोडतो. त्याला दर महिन्याला कुणीतरी गाठावं लागतं. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७-१८ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे निवडले होते. त्याची रीत सोपी होती: ठरावीक औषधक्रम, घराजवळच्या केंद्रात महिन्याभराच्या गोळ्या, आणि नर्सने ठेवलेली नोंद, म्हणजे कोण आलं नाही ते कळतं. डॉक्टरने निदान करावं आणि पुढचा पाठपुरावा परिचारिकेने सांभाळावा, अशी ही वाटणी. जगभर जुनाट आजारांची व्यवस्था याच वाटेने चालली आहे.

बुलढाण्यात याला आणखी एक कारण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा जिल्ह्याच्या उत्तर भागातून जातो. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगावकडच्या गावांत पाणी खारं आणि मूत्रपिंडाचे आजार हा तिथला कायमचा घोर. अशा ठिकाणी उपकेंद्राच्या रजिस्टरातलं बीपीचं पान नुसतं पान राहत नाही. कोणत्या गल्लीत, कोणत्या विहिरीच्या पाण्यावरच्या घरांत रुग्ण वाढताहेत, हे ते रजिस्टर सांगू शकतं. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले आणि काही दिवसांत टक्कल पडू लागलं, तेव्हा आरोग्य पथकं घरोघर फिरली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं, आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. अशा घटनेची पहिली कुणकुण कुणाला लागते? दारोदार जाणाऱ्या बाईला. तिने वर कळवलं आणि वरच्याने ते मनावर घेतलं, तर साथ लवकर हाती लागते. नाइटिंगेलने जे आकड्यांचं काम केलं, ते हेच.

पण आज या बाईकडे आकडे वापरायला वेळ नाही, ती आकडे भरण्यात गुंतली आहे. कागदी रजिस्टर, त्याचीच ऑनलाइन नोंद, एका कार्यक्रमाचं एक पोर्टल, दुसऱ्याचं दुसरं. नेटवर्क नसलं की रात्री घरी बसून. एकच माहिती तीन ठिकाणी भरायला लावणारी व्यवस्था तिच्याकडून नेतृत्वाची अपेक्षा कशी करणार? मुख्यालयी राहायची सक्ती आहे, पण पावसाळ्यात गळणाऱ्या क्वार्टरची दुरुस्ती कुणाच्या यादीत नसते. उपकेंद्रात नवा आलेला समुदाय आरोग्य अधिकारी पदवीधर आणि वयाने लहान. वीस वर्षं त्या गावात काढलेली आरोग्य सेविका अनुभवाने मोठी. लोक विचारतात तिला, सही लागते त्याची. जिथे दोघांनी समजुतीने कामं वाटून घेतली तिथे केंद्र चांगलं चालतं. जिथे नाही घेतली तिथे रुग्ण दोघांमध्ये लोंबकळतो. वरून याचा निवाडा करणारं कुणी नाही.

आणि नोकरीची शाश्वती. महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने २०२२ च्या मे महिन्यात संप केला तो मुख्यतः परिचारिकांची पदं बाहेरच्या एजन्सीमार्फत कंत्राटी भरण्याच्या हालचालींविरुद्ध. कोविडमध्ये ज्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या, त्यांना दोन वर्षांत रस्त्यावर बसावं लागलं. त्या संपाने रुग्णांचे हाल झाले, हे खरं आहे आणि ते नाकारता येणार नाही. पण अकरा महिन्यांच्या करारावर आलेली मुलगी दर वर्षाच्या अखेरीस पुढच्या ऑर्डरची वाट बघते. ती वरिष्ठांना ‘हे चुकतंय’ असं सांगण्याच्या फंदात पडत नाही. बदल घडवायला धाडस लागतं, आणि धाडसाला पायाखाली जमीन लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जगभरच्या परिचर्येचा पहिला सविस्तर अहवाल काढला. त्यावेळी जगात २ कोटी ७९ लाख परिचारिका होत्या आणि ५९ लाखांचा तुटवडा; दहांतल्या नऊ परिचारिका स्त्रिया. त्याआधीच्या वर्षी याच संघटनेने दाखवून दिलं होतं, की आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांत ७० टक्के स्त्रिया आहेत आणि वरच्या पदांवर २५ टक्के. आपल्याकडे अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पायरी आहे खरी, पण ती रुग्णालयाच्या आवारातच संपते. जिल्ह्याचं आरोग्यनियोजन ठरतं तिथे परिचारिका बोलावली जाते ती बहुधा माहिती द्यायला, मत द्यायला क्वचितच. स्वतंत्र परिचर्या संचालनालयाची मागणी संघटना वर्षानुवर्षं करत आल्या आहेत, आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते. डॉक्टरांच्या कामाचं मूल्यमापन डॉक्टर करतात. परिचारिकांच्या कामाचं मूल्यमापन ज्याने कधी रात्रपाळी केली नाही अशा माणसाने का करावं?

मुंबईत हे व्हायचं तेव्हा होवो. तोवर वाचकाला, विशेषतः खेड्यातल्या वाचकाला, करता येण्याजोगं एक काम आहे. प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिरासाठी जन आरोग्य समिती असते, उपकेंद्राच्या पातळीवर सरपंच तिचा अध्यक्ष असतो. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. या समित्यांच्या बैठका कितीदा होतात, त्यांत आरोग्य सेविका बोलते की नुसती सही करते, उपकेंद्रातली किती पदं रिकामी आहेत, तिच्या क्वार्टरचं छत गळतं का, प्रसूतीच्या खोलीत रात्री वीज आणि पाणी असतं का, हे प्रश्न ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. पिंपळगाव राजा असो की आणखी कोणतं गाव, पुढच्या ग्रामसभेला जा, हे प्रश्न विचारा, आणि उत्तर द्यायला आधी सिस्टरला उभं करा.